म्यूरियलच्या तुटक रेषा

हार्टवेल नदी मी पहिल्यांदा पाहिली ती ॲडलेडच्या मॉसन लेक्समधल्या आमच्या ऑफिसात, खुर्चीत बसून. डाव्या मॉनिटरवर सॅटेलाइटचा फोटो, उजव्यावर जमिनीच्या उंचीचं मॉडेल. नदी ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेच्या टोकाला. डार्विनपासून छोट्या विमानाने दोन तास, मग गाडीने चार. तिच्या काठावर एक अबोरिजिनल वस्ती आहे, जेमतेम एकशे ऐंशी माणसांची. तिकडे ऋतू दोनच, ड्राय आणि वेट. वेटमध्ये नदी चढली की वस्तीचा रस्ता बंद होतो, एखाद्या वर्षी घरांतही पाणी शिरतं, आणि हेलिकॉप्टर आलंच तर त्याला टेकायला कोरडी जागा मिळत नाही. म्हणून जवळपास उंचावर एक निवारा बांधायचा होता. मोठी शेड, पाण्याच्या टाक्या आणि हेलिपॅड. तो कुठे बांधायचा हे सांगायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि कंपनीत ते माझ्याकडे आलं.

मी पुण्याला सिव्हिल केलं, मास्टर्स इथे ॲडलेडला. सहा वर्षं पुराचे नकाशे करतेय. त्यामुळे जागा शोधायला मला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. वस्तीपासून दीड किलोमीटरवर, म्हाताऱ्या माणसांनाही चालत जाता येईल अशा अंतरावर, मॉडेलमध्ये एक लांबट टेकाड दिसत होतं. उंची चौदा मीटर. मोठ्यात मोठा पूर नऊ मीटरपर्यंत पोचतो असा आमचा हिशेब. म्हणजे वर पाच मीटर शिल्लक.

"ब्यूटी!" सलिल म्हणाला. सलिल करंदीकर माझा टीम लीड. कोथरूडचा, माझ्या आधी दहा वर्षं इथे युनीला आलेला, आता पक्का ऑस्ट्रेलियन. "चारुता, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट होईल ना? आणि कव्हरला काहीतरी जुनं टाक. जुना नकाशा टाकला की क्लायंट खूश होतात."

तर केवळ कव्हरसाठी म्हणून मी लायब्ररीच्या वेबसाइटवर जुने नकाशे चाळायला लागले, आणि मला ती शीट सापडली. साल १९६५. या नदीवर धरण बांधता येईल का हे बघायला तेव्हा तिच्या खोऱ्याचा बारकाईने नकाशा केला होता. धरण काही झालं नाही, नकाशा मात्र राहिला.

तो स्क्रीनवर उघडला आणि मी कॉफी प्यायची विसरले. समान उंचीच्या तपकिरी रेषा केसाइतक्या बारीक, कुठे एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, कुठे थरथरलेल्या नाहीत. नदीची अक्षरं वळणाबरोबर वळलेली. पाणथळ जागांवर निळ्या गवताच्या जुड्या, एकेक हाताने काढलेली. गंमत म्हणून मी तो नकाशा आजच्या फोटोवर बसवला. तेव्हा सॅटेलाइट नव्हता, कॉम्प्युटर नव्हता, त्या भागात धड रस्तासुद्धा नव्हता. तरी नदीचं एकेक वळण जागच्या जागी जाऊन बसलं. खडकाळ कडे बसले, बेटं बसली. जिथे बसलं नाही तिथे नदीनेच मधल्या साठ वर्षांत पात्र बदललं होतं.

"सलिल, हे बघ."

तो आला, वाकून बघत राहिला. "बाप रे," एवढंच म्हणाला.

मग मी आमच्या टेकाडावर आले. आणि तिथे टेकाड नव्हतं.

जुन्या शीटवर त्या जागी उंचीचा एक आकडा होता, २१.३. फुटांत. मीटरमध्ये साडेसहा होतात. पुराच्या पातळीच्या खूपच खाली. आणखी एक गोष्ट दिसली. बाकी सगळीकडे रेषा सलग होत्या, पण या आकड्याभोवती त्या तुटक होत्या, छोट्या छोट्या डॅशच्या. समासात बारीक अक्षरात खुलासा होता: तुटक रेषा म्हणजे झाडीमुळे जमीन दिसली नाही, उंची अंदाजे समजावी. खाली कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याची आद्याक्षरं, एम. टी.

"झालं तर," सलिल म्हणाला. "तेच लिहितायत, अंदाजे. आपल्याकडे सॅटेलाइटचा रडार डेटा आहे. साठ वर्षांपूर्वीच्या अंदाजावर काय जायचं?"

"रेषा अंदाजे आहेत. आकडा अंदाजे नाहीये. एक दशांश फुटापर्यंत लिहिलाय. अंदाजाने कोणी पॉइंट थ्री लिहील का?"

"चारुता, शुक्रवार."

"मेट, तिथे माणसं जाऊन बसणार आहेत. पुरात."

तो आपल्या खुर्चीकडे गेला. पण शुक्रवारी रिपोर्ट मागायला आला नाही.

एम. टी. कोण हे शोधायला मला आठवडा लागला. लायब्ररीतल्या बाईंनी निवृत्त सर्व्हेअर लोकांच्या एका ग्रुपचा पत्ता दिला. तिथल्या एका आजोबांनी फोनवर एका दमात सांगितलं, "एम. टी.? म्यूरियल ट्रेगेन्झा. तिच्यासारखा हात खात्यात दुसरा नव्हता. सॉल्सबरीला राहते, अजून स्वतःच गाडी चालवते." सॉल्सबरी माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर.

एका मंगळवारी दुपारी मी गेले. म्यूरियलबाई पंच्याऐंशीच्या, सडपातळ, पांढरे केस कानामागे क्लिपने बसवलेले. मी नकाशाचा मोठा प्रिंट नेला होता. त्यांनी डायनिंग टेबलावरची फुलदाणी उचलली, टेबल कोरड्या फडक्याने पुसलं आणि मगच तो उलगडू दिला. भिंग घेऊन त्या पाचेक मिनिटं नुसत्या बघत होत्या.

"ही 'डब्ल्यू' मला कधीच आवडली नाही," शेवटी म्हणाल्या. "जरा पसरट झालीय."

मला हसू आलं. मी विचारलं, हे त्यांनी कसं काढलं.

त्या सांगू लागल्या. विमानातून थोड्या थोड्या अंतरावर फोटो काढलेले असत. शेजारचे दोन फोटो यंत्रात बसवायचे, एका डोळ्याने एक बघायचा, दुसऱ्याने दुसरा. मिनिटभर काही कळत नाही. मग अचानक दोन्ही एक होतात आणि जमीन उठून वर येते, खोऱ्यांसकट, कड्यांसकट. त्या देखाव्यात यंत्राचा एक छोटा ठिपका तरंगत असतो. हाताच्या चाकाने त्याला खाली आणायचं, जमिनीला अलगद टेकवायचं, आणि टेकलेला ठेवूनच पुढे चालवायचं. जरा वर गेला तर हवेत, जरा खाली गेला तर जमिनीत. तो जिथून चालला ती कागदावर रेषा.

"दिवसाला सहा तास," त्या म्हणाल्या. "त्याहून जास्त डोळे देत नाहीत. या शीटला चौदा महिने लागले. मी कधी ॲडलेडच्या उत्तरेला दोनशे मैलांपलीकडे गेले नव्हते, पण त्या नदीतला एकेक खडक मला ठाऊक होता."

मी त्या जागेवर बोट ठेवलं. "आणि इथे?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "इथे ठिपका खोटं बोलत होता."

"म्हणजे?"

"पेपरबार्कचं रान आहे ते. दाट, सगळी झाडं सारख्या उंचीची. ठिपका टेकतो, छान टेकतो, पण झाडांच्या शेंड्यांवर. वरून बघाल तर अगदी टेकडी वाटते. मी पण आधी टेकडीच काढली होती. मग माझ्या लक्षात आलं, तिच्यावरून एकही ओहोळ खाली येत नाही. पाऊस पडणाऱ्या मुलखात अशी टेकडी कुठे असते?"

आमच्या रडारने तेच केलं होतं. झाडांच्या शेंड्यांना जमीन समजलं होतं. आणि मॉडेलवर ओहोळ आहेत का, हे बघायचं मला सुचलंही नव्हतं.

"मी वरिष्ठांना सांगितलं, मला इथे जमीन दिसत नाही, मी सलग रेषा काढणार नाही. ते म्हणाले, शीट घाणेरडी दिसेल, ओढून टाक सलग रेषा. मी नाही म्हटलं. जे दिसलं नाही ते दिसलं असं कसं दाखवायचं? मग त्यांनी मला तीन आठवडे दुसऱ्यांच्या नकाशांवर गावांची नावं लिहायला बसवलं." बाई हसल्या. "पण फील्डवर वॉल्टर नावाचा सर्व्हेअर होता. मी त्याला पत्र लिहिलं, तिथे एक उंची मोजून दे. पुढच्या ड्रायमध्ये तो लेव्हलची दुर्बीण आणि पट्टी घेऊन अकरा मैल चिखलातून मोजत गेला. एका आकड्यासाठी. तिथल्याच एका माणसाने त्याला वाट दाखवली, असं त्याने लिहिलं होतं. तो नसता तर वॉल्टरला ती जागा सापडलीही नसती."

"मग शीट छापून आल्यावर कोणी काही म्हटलं का?"

"छापून आली तेव्हा मी तिथे नव्हते. लग्न ठरलं होतं. लग्न झालं की बाईने सरकारी नोकरी सोडायची, असा नियमच होता तेव्हा. शेवटच्या शुक्रवारी मी ही अक्षरं पूर्ण केली आणि घरी गेले." हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. नंतर त्यांनी चाळीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात काम केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सलिलला हे सगळं सांगितलं. ओहोळांचं ऐकल्यावर तो उठून माझ्या खुर्चीत बसला आणि त्याने स्वतः मॉडेल फिरवून फिरवून बघितलं. टेकाडावर एकही ओहोळ नव्हता.

"शिट," तो म्हणाला. आणि मग, "जायला लागेल."

"मी जाते."

"दोघं जाऊ. पट्टी कोण धरणार?"

जूनमध्ये आम्ही गेलो. वस्तीत आम्हाला डोरीन भेटली. तिथल्या रेंजर लोकांची ती प्रमुख, पन्नाशीची, आवाज बारीक आणि नजर एकदम स्थिर. मी टॅब्लेटवर जागा दाखवली तशी ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तिथे? गेल्या वर्षी निवाऱ्याची जागा बघायला एक जण आला होता, त्यालाही माझ्या आईने सांगितलं, तिथे पाणी येतं. पूर्वेला उंच खडकाची धार आहे, तिच्यावर बांधा. तो म्हणाला, डेटामध्ये तर हे उंच आहे."

मी मान खाली घातली. त्या माणसाच्या मीटिंगची नोंद आमच्या फाइलमध्ये होती. 'स्थानिकांची पसंती पूर्वेकडच्या धारेला.' मी ती वाचली होती. धार चार किलोमीटरवर, म्हणून ती सोडून पुढे गेले होते. मी डोरीनला तसं सांगितलं, काही न लपवता.

"बरं," ती म्हणाली. "आता आलायत ना. चला मोजू."

पेपरबार्कच्या रानात शिरलो आणि कळलं, वॉल्टरने काय केलं होतं ते. झाडांची साल कागदाच्या थरांसारखी सुटून लोंबत होती, खाली गुडघाभर काळा चिखल, वर आभाळ असं नाहीच. आमचा भारी जीपीएस तिथे आंधळा झाला. फांद्यांतून त्याला सॅटेलाइटच मिळेनात. शेवटी उघड्या माळावर जीपीएसने एक पक्की उंची घेतली आणि तिथून पुढे जुन्या पद्धतीने, तिपाईवर लेव्हल लावून, पट्टी वाचत वाचत, दर वीस-पंचवीस मीटरला यंत्र उचलत आत गेलो. कॉलेजात सेकंड इयरला मैदानावर कंटाळत शिकलेलं मला इथे अक्षर न् अक्षर आठवत होतं. सलिल पट्टी धरून चिखलात उभा, घामाने निथळत. डोरीन पुढे काठीने वाट चाचपत होती आणि मधूनच ओरडत होती, "पाण्याच्या कडेला कोणी वाकायचं नाही! मगरी आहेत."

"मी अजिबात वाकत नाहीये," सलिल म्हणाला.

दोन किलोमीटरला दोन दिवस लागले. दुसऱ्या दुपारी आम्ही त्या आकड्याच्या जागी पोचलो. मी पट्टी वाचली, वहीत लिहिलं, बेरीज-वजाबाकी दोनदा केली. जुन्या आणि आजच्या समुद्रपातळीच्या मोजणीतला फरक धरला. सहा पूर्णांक अडतीस मीटर. वॉल्टरच्या आकड्यापेक्षा अकरा सेंटिमीटर कमी. उपग्रहाच्या मॉडेलची चूक साडेसात मीटरच्या वर होती.

"अकरा सेंटिमीटर," सलिल पुटपुटला. "अकरा मैलांत. लाकडी पट्टीने."

डोरीनने एका झाडाच्या बुंध्याकडे बोट केलं. माझ्या डोक्याच्या दोन हात वर गाळाचा एक फिकट पट्टा होता, आणि फांद्यांच्या बेचक्यात सुकलेलं गवत अडकलं होतं. "पाणी इथपर्यंत येतं. त्या पहिल्या सर्व्हेवाल्याबरोबर माझे आजोबा होते. त्यांनीच त्याला असा पट्टा दाखवला." आजोबांचं नाव तिने घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव ते लोक सहसा घेत नाहीत. "आजोबा सांगायचे, तो माणूस विचारायचा. आणि सांगितलं की लिहून घ्यायचा."

त्या पट्ट्याची उंचीही आम्ही मोजली. आमच्या हिशेबातल्या पुराशी ती बरोब्बर जुळली. तिसऱ्या दिवशी डोरीनच्या आईने आम्हाला पूर्वेकडच्या धारेवर नेलं. ऐंशीच्या पुढच्या त्या बाई, गाडीतून उतरून काठी टेकत स्वतः वर चढल्या आणि एका सपाट खडकावर बसल्या. त्यांच्या लहानपणी पूर आला की सगळे इथेच यायचे, म्हणाल्या. म्यूरियलबाईंच्या शीटवर धारेच्या रेषा सलग होत्या. सतरा मीटर. आम्ही मोजली, सतराच निघाली.

परत येताना सलिल विमानात झोपला नाही. तिसऱ्यांदा तोच प्रश्न त्याने मला विचारला, "त्या बाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या ना गं?"

रिपोर्ट नव्याने लिहिला. निवारा धारेवर, आणि वस्तीपासून तिथपर्यंतचा कच्चा रस्ता दोन ठिकाणी उचलून घ्यायचा. पहिला निष्कर्ष चुकला होता आणि तो का चुकला हे सलिलने स्वतःच्या नावाने पहिल्याच पानावर घातलं. मी त्याला विचारलं, इतकं कशाला? तो म्हणाला, "दुसरा कोणीतरी हाच डेटा वापरेल."

त्या शनिवारी आम्ही दोघं सॉल्सबरीला गेलो. डोरीनने धारेवरून काढलेला नदीचा व्हिडिओ आम्ही म्यूरियलबाईंना दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन तो तीनदा बघितला. एकदा मध्येच थांबवून म्हणाल्या, "हा खडक. मला वाटलं होतं त्यापेक्षा लाल आहे." मग त्यांनी विचारलं, "फरक किती आला?"

"अकरा सेंटिमीटर."

त्यांनी मनात इंच केले. "चार इंचांच्या वर. वॉल्टर असता तर ओशाळला असता. तो दोन इंचांचा माणूस."

सलिल उभा राहिला आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन नुसता धरून राहिला. एरवी 'नो वरीज' म्हणून सगळं उडवून लावणारा हा माणूस. मग त्याने मराठीतच म्हटलं, "तुमचे फार उपकार आहेत हो." मी भाषांतर करायला गेले तर बाईंनी हाताने थांबवलं. कळलं, म्हणाल्या.

पुढच्या वर्षीच्या ड्रायमध्ये शेड उभी राहिली. आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत हार्टवेलला पूर आला. बातम्यांत दोन ओळी आल्या, मग आमचा संपर्कच तुटला. चार दिवस मी ऑफिसात कामाला हात लावला नाही. येणाऱ्या सॅटेलाइट फोटोंवर नुसते ढग. सलिल दर तासाला येऊन विचारायचा, "काही?" आणि मी मान हलवायची.

पाचव्या दिवशी सकाळी डोरीनचा फोन आला. आवाज बसलेला.

"सगळे वर आहेत," ती म्हणाली. "एकशे चौसष्ट माणसं, वस्तीत होती तेवढी. कुत्री किती ते विचारू नकोस. वस्तीत पाणी खिडक्यांपर्यंत आहे. तुमच्या त्या पहिल्या जागेवर पाणी झाडांच्या फांद्यांना टेकलंय."

फोन स्पीकरवर होता. सलिल शेजारी येऊन उभा राहिला होता.

"आणि ऐक," डोरीन म्हणाली. "माझ्या पुतणीला काल कळा सुरू झाल्या. हेलिकॉप्टर आलं, नीट उतरलं, तिला घेऊन गेलं. डार्विनला मुलगी झाली. तीन किलो. आता ठेवते, बॅटरी संपतेय."

सलिल खिडकीपाशी गेला आणि कितीतरी वेळ बाहेरच्या कारपार्ककडे बघत राहिला. मी म्यूरियलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मुलीचं वजन परत विचारलं आणि म्हणाल्या, "चला, आज मग केक घ्यायलाच हवा." खरंच गाडी काढून त्या केक आणायला गेल्या.

मार्चमध्ये आम्हाला आणखी पश्चिमेकडच्या एका नदीचं काम मिळालं. मी मॉडेल उघडेपर्यंत सलिल माझ्या टेबलापाशी आला. तिथल्या वस्तीतल्या मोठ्या माणसांना भेटायची तारीख त्याने आधीच ठरवून टाकली होती, आणि लेव्हलची पेटी गाडीच्या डिकीत टाकली होती.